सगळं एका राशीत

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेखरदादा आज स्पष्टच म्हणाला — "नवा रायपूरचा फ्लॅट पण वाटणीत येईल." माझा फ्लॅट! मी राहते तो! बाबांना जाऊन अजून वर्ष नाही झालं.

वाटलं होतं, वकीलकाका माझी बाजू घेतील. शरच्चंद्रकाका बाबांचे मित्र, मला कडेवर घेतलेले. तर ते म्हणाले, "पोरी, नाव तुझं, पण पैसा अभनपूरच्या शेतीचा. म्हणजे घरचाच. आधी घरचं सगळं एका राशीत टाकावं लागते. मंग वाटे."

मी म्हटलं, मग भनपुरीचं गोदाम? दादाच्या नावावर आहे, पण तेही शेतीतूनच ना?

"वो मैंने खड़ा किया है!" रागावला की दादा हिंदीत जातो.

"उभं तू केलं. जागा कोणी घेतली?" — काका.

दादा ताटावरून उठला. आईने त्याची पोळी झाकून ठेवली.

७ नोव्हेंबर
काल काका जाताना हळूच म्हणाले होते, कोर्टात गेलीस तर दहा वर्षं कोणी तुला हलवत नाही. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. दहा वर्षं! मोह झाला. नाही कशाला म्हणू?

पण पैसा कुठून आला ते मला माहीत आहे. माहीत असून नाही म्हणायचं, हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही. आज त्या शिकवणीचाच राग येतो आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
दादाला फोन केला. मी फ्लॅट राशीत टाकते, तू गोदाम टाक. आधी हिंदीत तणतणला. मग — "तू ना, बाबासारखीच आहेस. आदमीले कोपऱ्यात उभं करतेस."

हो म्हणाला!

आता फ्लॅट त्याच्याकडेही जाऊ शकतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
तात्यापाऱ्यातलं बाबांचं घर, अभनपूरची शेती, गोदाम, फ्लॅट. सगळं राशीत. मग वाटे कसे करायचे यावर जुंपली. शेवटी आमची लहानपणची रीत काढली — एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. कलाकंदावरून भांडायचो तेव्हा आईने लावलेली. दादा कापणार, मी उचलणार. निधीवहिनी हसली. "खेत को भी मिठाई समझते हो क्या आप लोग?"

काकांनी विचारलं, "अन् वनमालावहिनीचं?"

"आई हक्क सोडते ना," दादा म्हणाला. "सहीच तर करायची आहे." मीही म्हटलं, आई माझ्याकडे राहील, तिची चिंता नको. आई पलीकडे मेथी निवडत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पुढची जुडी सोडली.

१५ नोव्हेंबर
दादाने कापलं. घर आणि गोदाम एकीकडे, शेती आणि फ्लॅट दुसरीकडे. मी दुसरा वाटा उचलला. फ्लॅट राहिला!

आणि लगेच नवी चिंता — शेतीचं पारडं जड तर नाही? माझ्याकडे जास्त तर नाही आलं? दादाला विचारलं. "अब बस कर, ईरा!"

१७ नोव्हेंबर, सोमवार
रजिस्ट्रीला गेलो. आईने पेन हातात घेतलं, वकीलकाकांना परत दिलं. "भाऊजी, मी बी वारस आहो ना? मंग तीन वाटे करा."

दादा म्हणाला, "आई, तुले काय कमी आहे? आम्ही आहो ना!"

"हव, आहा ना. फ्लॅट मले पाहिजे."

मी कागद पुन्हा पिशवीत घातले. परतताना गाडीत तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू राहा ना तिथं. काहून नाही? फक्त पाहुणे बोलवायचे तर मले विचारत जा."