लोणच्याची बरणी आणि नवा डाव

तीर्थरूप ताईस, समुद्रापलीकडून वाकून नमस्कार.

तू पाठवलेली लोणच्याची बरणी शेजारच्या ड्वेनने राजरोस पळवली, ही तक्रार प्रथम नोंदवतो. सामन्याआधी मैदानाबाहेर गाडीमागे खाण्याचं टेबल मांडून तो मला आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची नवी व्यूहरचना समजावत होता. (इथला फुटबॉल हातानं खेळतात आणि चेंडूवाल्याला अंगावर जाऊन पाडतात.)

"पंडित, यंदा चेंडू घेऊन पळणं बंद, लांब फेकायचा! चाळीस गुण कुठं जात नाहीत. ही बरणी म्हणजे फेकणारा, या सॉसच्या बाटल्या म्हणजे समोरचा संघ."

"आणि सॉसच्या बाटल्या अंगावर आल्या तर?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"बरणीनं हलायचं नाही!"

सगळे हसले, मीही हसलो.

भाऊजींचा गुडघा कसा आहे?

ताई, यंदा फेकणारा माझा लेक, आपला मल्हार आहे. सगळे अंगावर आल्यावर तो पडून उठलाच नाही तर, याची मला भीती वाटते.

तुझा,
विनायक