गळती वरून होती

मी, गाड्यांचा मेकॅनिक, वय वर्षे सत्तर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. बायकोला तो अजून पटलेला नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक बायकोला, तिच्या पश्चात मुलीला.

२. मेहुण्याने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहावी. मागून मागून माझं तोंड दुखलं.

३. गॅरेज, जॅक व सर्व पाने धाकट्या भावाला. तो अकरा वर्षे माझ्याशी बोललेला नाही. त्याचे कारण येथे नोंदवणे भाग आहे.

बेकरीवाल्या बाईंची जुनी व्हॅन तेल गाळत होती. थेंब इंजिनच्या तळाला, तेलाच्या चेंबरखाली दिसत होते. धाकटा म्हणाला, "दादा, आधी इंजिन धुऊन कोरडं करू, मग चालू ठेवून बघू. तेल वरनं ओघळत असणार."

"मला शिकवू नकोस. चेंबरचं पॅकिंग बदल."

त्याने बदललं. चार दिवसांनी चढावर तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं आणि गाडीने पेट घेतला. बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला.

त्यांचे घरचे जाब विचारायला आले तेव्हा मी म्हणालो, "पॅकिंग यानं बसवलं होतं." वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त नीच होतं. धाकट्याने हात पुसले आणि निघून गेला. मग मी एकट्याने इंजिन उघडलं. खालचं पॅकिंग ठीक होतं. वरच्या टॅपेट कव्हरचं कडक होऊन तडकलं होतं. ते कचऱ्यात टाकलं आणि गप्प बसलो.

४. कलम तीन माझ्या मागे गॅरेजात सर्वांसमोर वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी:

बेकरीवाल्या बाई साक्षीला आल्या. वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. "मेल्यावर कबूल करणार? आधी त्याला सांगून या, मग सही करते."

गेलो. धाकट्याने दारातच ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं, दादा. गाडी ओढून आणली तेव्हाच मी आरसा घालून वरचं तडकलेलं पॅकिंग बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

गॅरेज घेणार की नाही, ते त्याने सांगितलं नाही. दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हणाला नाही. मी परत आलो, तेव्हा बाईंनी पेन उचललं.

कलम तीन कायम.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: बेकरीवाल्या बाई (सही), शेजारचे डॉक्टर (सही)
स्थळ: गॅरेजची मागची खोली
दिनांक: ९ मार्च