अस्वलांच्या मुलखासाठी आईची सही

प्रिय सारंगदादा,

तुझा फॉर्म मिळाला. इथे सिंगापुरात वन-नॉर्थच्या ऑफिसात जेवायच्या सुट्टीत उघडला आणि डबा तसाच बंद करून ठेवला. कॅनडाच्या उत्तरेला, अस्वलांच्या रानात, तुझ्या जहाजावरच्या चीफ इंजिनिअरबरोबर दहा दिवस मूस नावाच्या थोरल्या हरणाच्या शिकारीला. अस्वलाने हल्ला केला तर जबाबदारी कुणाची नाही, हे घरच्या एका माणसाने वाचून सही करायची. तू आईचं नाव घातलंस आणि मला लिहिलंस, "नीट समजावून सही घे. शिकलेली आहेस ना."

तू बारावीनंतर जहाजावर फिटर म्हणून गेलास, म्हणून मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी असली तरी तिच्यासाठी इंजिनरूममध्ये भाजला गेलास तू. त्यामुळे तुला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. तरी या वेळी तीन दिवस भांडले. हौसेसाठी जीव घेऊ नये, हे मी मनापासून म्हणत होते. तू हसलास. "हॉकर सेंटरच्या टपरीवर चिकन राइस खातेस, तेव्हा कुठे जातं गं हे?" मग मी अस्वलांचं काढलं, तर म्हणालास, "अस्वल आहे म्हणून तर ते रान. नाहीतर बाग झाली."

खरी भीती मी बोललेच नाही. रानडुकरांच्या हाक्यात गावातल्या विश्वासकाकांची गोळी चुकून लागून बाबा गेले, तेव्हा तू चौदाचा होतास, मी नऊची. सुतक फिटल्यावर पुढच्या शिकारीतला बाबांचा वाटा मंडळींनी नेहमीसारखा आपल्या दारात आणून ठेवला. आईने तो शिजवला. तू जेवलास, मी उठून गेले. आई एवढंच म्हणाली, "रानात जाणाऱ्याला हे ठाऊक असतं." तिने ते इतक्या शांतपणे कसं स्वीकारलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

रविवारी शेजारच्या राधिकावहिनींनी देवरुखहून प्रिंट काढून आणली. मी इथल्या बुकित बातोकच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर एकेक ओळ मराठीत सांगत गेले. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, हे ऐकून आईने विचारलं, "मग करायचं काय?" मी म्हटलं, उभं राहायचं. ती मग म्हणाली, "सारंग राहील उभा. तूच पळशील." वहिनी हसल्या. आईने चष्मा पुसला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

त्या सहीचा फोटो माझ्याकडे आहे. मी तो पाठवलेला नाही. दादा, मी अकरावी ओळ आईला सांगितलीच नाही. माणूस बेपत्ता झाला तर चार दिवसांनी शोध थांबेल, आणि घरी पाठवायला काही उरेलच याची हमी नाही, असं तिथे आहे. बाबांना निदान अंगणात आणलं होतं. मी दहाव्या ओळीवरून सरळ बाराव्या ओळीवर गेले आणि आईने माझ्या भरवशावर सही केली. तीन दिवस रोज तिला फोन करते आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून देते. शुक्रवारी मुदत संपते. ती ओळ तू तिला सांग. तुझ्या तोंडून ऐकूनही ती हो म्हणाली, तर मी त्याच मिनिटाला फॉर्म पाठवीन आणि पुन्हा तुला अडवणार नाही. पण तिला सांगायला तुझी जीभ रेटली नाही, तर तू जाऊ नकोस.

तुझीच,
स्वप्नाली