एक पाटी कमी पडली

वाई,
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाळगोंडा,

जय जिनेंद्र.

चाळीस ओल्या पाट्या एकदम हवेत हलल्या की जो आवाज व्हायचा, तो आठवतो का रे तुला? पारव्यांचा थवा पत्र्यावरून उठावा तसा. मागून पोरांचा गलका, आणि आपण नवे मास्तर, खडू हातात धरून नुसते ऐकत उभे. आज सकाळी संग्रहालयाचं कुलूप काढताना तोच आवाज कानात आला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. आत कोणी नव्हतं. असणार कोण?

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तब्येत कशी आहे? हळद काढायला घेतली का? तुझा धवल आता तुला एकट्याला शेतावर जाऊ देत नसेल. बरं करतो. माझा गुडघा थंडीत फार बोलतो. घाटावर उतरणं सोडलं आहे, वरूनच नदीला नमस्कार करतो. सूनबाई म्हणतात, बाबा, आता घरी बसा. घरी बसून कविता कुणाला म्हणून दाखवू? भिंतींना पाठ झाल्या.

आता बातमी. आपलं पाट्यांचं संग्रहालय या महिनाअखेर बंद होणार. ज्या संस्थेनं ही खोली दिली, तिची अट तुला ठाऊक आहे: आठवड्यातून चार दिवस दार उघडं पाहिजे. दिवाळीपासून मी एकटा आहे. एकट्याच्यानं दोन दिवस होतात, कधी एकच. त्यांनी तीनदा समजावून सांगितलं, आता पत्र आलं. त्यात त्यांची चूक नाही. रविवारी रहिमतपूरची शाळा येऊन दाराला हात लावून परत गेली, कारण मी दवाखान्यात होतो. दारावर कुणा पोरानं खडूनं लिहून ठेवलंय, 'आम्ही आलो होतो.' ते मी अजून पुसलेलं नाही.

पुसणं हा शब्द आला बघ. हात थांबला. चहा करून येतो.

चहा झाला. एकट्यापुरता चहा नेहमी जास्तच होतो. पूर्वी पाचजणांचा व्हायचा, तरी मनुबाई म्हणायची, "गुरुजी, ह्यो चहा हाय का नदीचं पानी?" आणि स्वतः पुन्हा टाकायची. मानसिंग सुभेदार पाळीच्या वहीत मिनिटासकट वेळ लिहायचे. क्षमाताई पाहुण्यांना बोरू धरायला शिकवायच्या. पगार कुणालाच नव्हता. वर्षाला एक नारळ, एक शाल आणि माझी एक लांबलचक कविता, एवढ्यावर नऊ वर्षं माणसं उन्हातान्हात येत राहिली.

मनुबाईला मात्र शालही कधी दिली नाही आपण. ध्यानात आलं होतं का तुझ्या? माझ्या कालच आलं. तिलाही पगार नव्हता, तीही स्वखुशीनंच यायची, आठवड्याचे चारही दिवस. पण ती झाडते, पुसते, म्हणून पाळीच्या वहीत तिचं नाव आपण घातलंच नाही. सगळ्यांत जास्त दिवस जी आली, तिचं नाव वहीत नाही. मी पानं उलटून पाहिली.

वहिनींची पाटी कपाटातून काढून तिचं कापड सोडलं की पाहुणे थांबायचे तेही तिच्यामुळेच. मी तिथं घसा खाकरून मोठं भाषण करायचो. ती झाडू बाजूला ठेवून एवढंच सांगायची, "ह्या बाईंची वाचा गेली व्हती. घशाचं आपरेशन. जे बोलायचं ते पाटीवर लिवायच्या. जायच्या आदल्या दिशी मालकांना इचारलं, जेवलात का." बायका डोळ्यांना पदर लावायच्या. तुला आठवतं, पाटी माझ्या हातात देताना तू म्हणाला होतास, "मी जेवलो नव्हतो, गंगाधर. तिला उगीच हो म्हणालो." आणि म्हणालास, "घरात कुणाचा तरी ओला हात लागेल. तुझ्यापाशी राहू दे."

माझ्यापाशी.

बाळगोंडा, दोन पानं मी हळद, गुडघा आणि चहा लिहीत बसलो. शाळेत निबंधाला नापास केलं असतं अशा मुलाला. आता लिहितो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजनाला चौथीची मुलं आली होती. नेहमीसारखं प्रत्येकाच्या हाती पाटी द्यायची, स्वच्छ पुसून, आणि तिच्यावर एकाचे आकडे मांडत सरस्वती काढून घ्यायची. त्या दिवशी मनुबाई नव्हती, भावाच्या घरी शिरवळला गेली होती. पाट्या मीच मांडल्या. मुलं चाळीस, पाट्या एकोणचाळीस. शेवटी एक परकरातली मुलगी उभी राहिली, हात रिकामे. म्हणाली, "मला न्हाई?"

मी त्या वेळी मुलांना नदीची कविता म्हणून दाखवत होतो. तुला माहीत आहे, कविता सुरू झाली की मी ह्या जगात नसतो. दुसरं कडवं चालू होतं. म्हणत म्हणतच कपाट उघडलं, हाताला आली ती पाटी घेतली, कापड सोडलं, आणि ओलं फडकं फिरवलं. चाळीस वर्षांची सवय रे. मास्तराच्या हातात लिहिलेली पाटी आली की हात आपोआप फिरतो. उजवीकडून डावीकडे, मग वरून खाली. त्या मुलीनं पाटी घेऊन हवेत हलवली, वाळवायला. तेव्हा मला चौकटीला बांधलेला लाल लोकरीचा दोरा दिसला. वहिनींनी बांधलेला.

कविता मी पुरी केली. सांगायला लाज वाटते, पण पुरी केली. शेवटचं कडवं म्हटलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं सरस्वती फार सुबक काढली होती. मुलं गेल्यावर तीही पुसली, पाटी पुन्हा कापडात बांधून कपाटात ठेवली, आणि तू काचेची पेटी आणीपर्यंत ती कुणी सोडू नये असं सगळ्यांना सांगितलं.

दिवाळीनंतर तू आलास, तो छातीशी काचेची पेटी धरून. सांगलीच्या सुताराकडून वहिनींच्या पाटीच्या मापानं करून आणलेली. एसटीत सीट मिळाली तरी पेटीला धक्का नको म्हणून कडेला उभा राहिलास म्हणे अर्धा रस्ता. तू कापड सोडलंस. कोरी पाटी. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणालो, "मनुबाईनं परवा कपाट आवरलं होतं."

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. तिनं परवा कपाट आवरलं होतं. मी शब्दांचा माणूस, बाळगोंडा. कुठला शब्द कुठं ठेवला की काय होतं, ते मला बरोबर ठाऊक होतं.

तू तिला बोलावलंस. "वाचता येत नाही तर निदान विचारायचं तरी!" असं ओरडलास. तुला मी पन्नास वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, "आवं दादा, वाचता येत न्हाई, पर त्या पाटीवर काय हाय ते मला न्हाई तर कुनाला ठावं? रोज मान्सांस्नी मीच सांगती की. म्या न्हाई वो हात लावला." मग माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी तरी बोला."

मी शाळेच्या जुन्या घंटेची दोरी सरळ करत होतो. ती सरळच होती.

तिनं कमरेची किल्ली सोडून खिळ्याला लावली आणि गेली. दोन दिवसांनी क्षमाताई म्हणाल्या, "नऊ वर्षांत जिनं कप फोडला नाही तिच्यावर असा आळ येतो, तर उद्या आमच्यावर येईल." त्याही गेल्या. सुभेदारांनी वहीत 'ड्यूटी समाप्त' असं लिहून सही केली. तू सांगलीला गेलास तो गेलासच. काचेची पेटी इथंच आहे, रिकामी.

मला वाटायचं, हे संग्रहालय वस्तूंवर उभं आहे. बोरू, दौती, घंटा, माझ्या कविता. ते आपल्या पाच माणसांच्या एकमेकांवरच्या भरवशावर उभं होतं, आणि तो भरवसा मी एका वाक्यात पुसला. आता जमेल त्या दिवशी इथं येऊन बसतो. काल एका बाईनं दारातून विचारलं, "कोणी दाखवणारं आहे का?" मी आहे म्हणालो, घंटा आणि दौती दाखवल्या, आणि कपाटापुढून न थांबता पुढं सरलो. ती बिचारी थोडा वेळ थांबून गेली.

क्षमा मागत नाही. मागायची तर आधी मनुबाईकडे, आणि तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तीनदा जाऊन मी परत आलोय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. तू फक्त एवढं कर. महिना संपायच्या आत येऊन वहिनींची पाटी घेऊन जा. वस्तूंची वाटावाट होईल तेव्हा ती कुठं जाईल, सांगता येत नाही. कोरी आहे, तरी त्यांच्या हातातली आहे. लाल दोरा तसाच आहे. आणि मनुबाईला

थांब. दाराची कडी वाजली. संस्थेचा माणूस असेल, मोजमाप घ्यायला येणार म्हणाला होता.

बाळगोंडा, मनुबाई आली आहे.

उंबऱ्याच्या बाहेरच उभी आहे, हातात बादली, खांद्यावर फडकं. म्हणाली, "बंद व्हनार म्हनं. म्हटलं, वस्तू धुळीच्या जाऊ नयेत. आत येऊ का, गुरुजी? पाटीला हात लावनार न्हाई."

तिला आत बोलावलं आहे. माझ्या खुर्चीवर बसायला सांगितलं, ती बसत नाही. काय लिवताय म्हणून विचारते आहे. हे पत्र आधी तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतो. त्यानंतर ती जे सांगेल ते ह्याच्याखाली तिच्या शब्दांत लिहीन, आणि मगच पोस्टात टाकीन. खाली काहीच लिहिलेलं नसेल, तर ती न बोलता गेली असं समज.

पाटी ज्यानं पुसली तो,
गंगाधर