दिशाचा ताप आणि तिवठ्यावरचा दहीभात

पुणतांब्याच्या शिवेवरचा तिवठा
शनिवार, कार्तिक अमावस्या

चि. सौ. पुष्पावतीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळी भुतं इथे खुशाल आहोत. आजारी पडायची सोयच उरलेली नाही. पत्र बघून दचकू नकोस. अक्षर वेताळबुवांचं आहे, बोल माझे.

थंडी पडायला लागली, गव्हाला पाणी चालू असेल. तू सोमवारी दिशाला श्रीरामपूरला तिच्या मामाकडे कायमची धाडतेस असं कळलं. पोरीला तिवठ्याची बाधा झाली, आता ती या गावात राहायला नको, असं तू ठरवलंस म्हणे. तिला कसलीही बाधा नाही गं. ताप तर नाहीच. ती काखेत कांदा धरते.

भाद्रपदात तिला खरा ताप आला, तेव्हा तू तिन्हीसांजेला इथे उतारा ठेवून गेलीस. बरी होऊन शाळेतून येताना तिनं आम्हाला रिकामी पत्रावळ चाटताना पाहिलं. पळाली नाही. "लई भुका लागल्यात व्हय? थांबा, मी परत आजारी पडती," म्हणाली. तेव्हापासून दर शनिवारी ताप, दर शनिवारी दहीभात. चिंचेवरच्या चांगुणा हडळीला अंडं आवडतं हे कळल्यावर ती तापात बरळायलाही लागली, आणि तू घाबरून उताऱ्यात अंडं वाढवलंस.

आम्ही गुपचूप खात राहिलो. त्यात सगळ्यात मोठी चूक माझी. पहिल्याच शनिवारी मी पोरीचा कान धरायला हवा होता. पण पहिला घास तोंडात गेला आणि मी ओळखलं. हाच भात मी सहा वर्षं खाल्ला होता, रोज नावं ठेवून. "मीठ कमी हाय." "भात गिचका झालाय." कमी काहीच नव्हतं, पुष्पे. सुनेचं कौतुक केलं तर ती डोक्यावर बसते, असं मला वाटायचं. तू पदरानं डोळे पुसायचीस ते मला दिसायचं, तरी मी ताट पुढे करून आणखी वाढून घ्यायची.

मी गेले तेव्हा दिशा रांगत होती, त्यामुळे मी कोण ते तिला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. तुझ्या कानावर गेलं तर भात बंद होईल, ही भीती.

आता होऊ दे बंद. पोरीला तुझ्यापासून लांब धाडू नकोस. तिनं सोंग सोडल्याची तुझ्या गळ्याची शपथ घेतली आहे. 'आता होऊ दे बंद' ही ओळ लिहायला वेताळबुवांनी फार वेळ लावला, दहीभात त्यांच्याही जिभेवर बसलाय.

आज मात्र एकदा ये. उतारा नको, घरच्या माणसाला वाढतेस तसं ताट आण. ताट ठेवून निघालीस की मागं वळून बघायचं नसतं ही रीत मीच तुला शिकवली. आज बघ. मला तुझ्या तोंडावर सांगायचंय की तुझ्या हाताला चव आहे.

तुझी सासू,
रंगुबाई