राक्षसपार्टीची लेक

बाबा, आज तुझ्यावर राग काढायचा आहे म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणू देत. तुला आम्ही पोरं घरात अरे-तुरेच करायचो, तेव्हा इथेही तसंच करणार. मुंबईत आमदार निवासाच्या खोलीत बसले आहे. अधिवेशन संपलं, बॅग भरलेली आहे, आणि गावाकडे जायला पाय निघत नाही. तुझी लेक वरच्या सभागृहाची सदस्य झाली हे तुला माहीत नाही. माहीत असतं तर शिरोड्याच्या बाजारात ज्याला त्याला थांबवून सांगितलं असतंस, आणि मला ते ऐकून लाज वाटली असती.

पावसाळ्यात तुमची दशावताराची कंपनी बंद असायची. मग चार महिने आईच्या स्वयंपाकघरात तुझी तालीम. मी आडाळ्यावर बसून नारळ खवते आहे, तू चुलीपाशी पाट ओढून घेतला आहेस, मांडीवर थाप मारून म्हणतोस, "हां गो, तू विष्णू. सांग माका, मी देवांका कित्याक सोडू?" तुमच्या नाटकात लिहिलेलं एक अक्षर नाही. कथा तेवढी ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या काढायचं. शेवट मात्र कधी बदलणार नाही. देव जिंकणार, राक्षस मरणार, आणि तू जन्मभर राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाचीच कामं करणारा. आई शेजारणीला सांगायची, "माझो घोव रोज मरता आणि रोज हसत घराक येता."

त्या दिवशी मला जिंकायची घाई झाली होती. तुझं वाक्य अर्ध्यावर असताना मी सुदर्शन सोडलं, म्हणजे हातातली नारळाची कवड तुझ्यावर उगारली. तू भडकलास. मला वाटलं कवडीवरून भडकलास, पण नाही. "राक्षसाचा बोलणा पुरा होऊक व्हया," तू म्हणालास. "तो मरतलो ह्या सगळ्यांका म्हायत आसा. पण सगळा बोलान मरतलो. मधी तोडलंस तर लोक उठान जातले." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पोरीने भांडं फोडलं तर हसून सोडणारा माणूस, वाक्य तोडलं म्हणून दोन दिवस अबोला. मी तेव्हा जी खूणगाठ बांधली ती काही सुटली नाही. शाळेत शिकवलं त्याच जोरावर, निवडून आले तीही त्याच जोरावर.

आमच्या सभागृहात रोजचं कामकाज आधी ठरतं. प्रश्न किती वेळ, लक्षवेधी किती, विधेयकावर कोणी किती मिनिटं बोलायचं, हे एक समिती ठरवते. विरोधकांकडून त्या समितीवर मीच बसते. मिनिटामिनिटासाठी मी तिथे मासळीबाजारासारखी घासाघीस करते. आमच्याच लोकांना दटावते, की शायरी घरी ठेवा, मुद्द्याचं बोला आणि खाली बसा. हे सगळं ज्या बाईला कळतं तिने काय केलं ते आता ऐक.

आपल्या गावच्या किनाऱ्याचं विधेयक आलं. जिथे होड्या ओढून ठेवतात, जाळी सुकवतात, बायका मासळी वाळत घालतात, ती सगळी पुळण पर्यटनासाठी एका मंडळाच्या ताब्यात द्यायची, असं ते विधेयक. माझी सूचना होती की ते आधी समितीकडे पाठवा. समिती किनाऱ्यावर आली असती, लोकांना तोंडावर विचारावं लागलं असतं, वर्षभर तरी ते अडलं असतं. एरवी आमची सूचना पडतेच, कारण माणसं सरकारपक्षाची जास्त. पण त्या दुपारी त्यांची निम्मी बाकं रिकामी होती. कुणा मंत्र्याच्या सत्काराचं जेवण होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मंडळी तिकडे गेली होती. आम्ही सगळे हजर. मतविभागणी मागायची, माणसं मोजून मतं घ्यायला लावायची, की काम फत्ते. मतदानाची घंटा वाजली तरी जेवणाच्या पानावरून उठून तिथून कोणी वेळेत पोचलं नसतं.

मी उभी राहिले. आणि बाबा, मला सूर सापडला. रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढताना माणसं कशी एका पावलाने मागे सरकतात ते मी सांगते आहे, पावसात उपाशी राहणाऱ्या घरांचं सांगते आहे. शेजारी बसलेल्या आमच्या नागपूरच्या ताई माझा पदर ओढताहेत. "बस आता. मत माग," दबक्या आवाजात म्हणताहेत. पुन्हा ओढला. मी पदर सोडवून घेतला. सभापतींच्या खुर्चीत त्यांच्याच पक्षाचे एक ज्येष्ठ बसले होते. एरवी मी तोंड उघडलं की "सन्माननीय सदस्य, आटोपतं घ्या" म्हणणारा हा माणूस त्या दिवशी म्हणतो, "बोला, बोला. विषय महत्त्वाचा आहे. आपल्याला वेळ आहे." अगं बाई, मांजर उंदराला या बसा म्हणतंय, तेव्हा तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला नको? नाही पडला. मला वाटलं, माझ्या बोलण्याला मान देताहेत. तिकडे त्यांचा प्रतोद, म्हणजे माणसं गोळा करून आणणारा, दाराबाहेर फोनवर फोन लावत होता. मी शेवटचा मुद्दा शेवटच्या शब्दापर्यंत नेला. सगळं बोलून झाल्यावर मत मागितलं तेव्हा त्यांची बाकं भरली होती, काहींच्या तोंडात अजून विडा होता. सूचना पडली, आणि विधेयक संध्याकाळच्या चहाआधी मंजूर झालं.

बाहेर मंत्रीमहाशय मुद्दाम थांबले होते. "ताई, काय बोललात! डोळ्यांत पाणी आणलंत," म्हणाले. त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नागपूरच्या ताईंनी मात्र माझा चुरगळलेला पदर नीट करून दिला आणि पुढे गेल्या, ते जास्त लागलं. काल गावाहून मावशीचा फोन आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी मिळून मोबाईलवर माझं भाषण बघितलं म्हणे. "काय बरा बोललंस गो," ती म्हणाली. "बापाशीचो गळो आसा तुका. पण आता होड्यो खंय ओढूच्यो आमी?" ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मला ठाऊक असेल.

आता तू सांग. वालावलच्या जत्रेत लोक म्हणाले, "देव जिंकलो खरो, पण बोललो राक्षस," आणि त्या एका वाक्यावर तू वर्षभर तरंगत होतास. तुझं ठीक होतं. तुला मारणारा विष्णू तुझ्याच कंपनीतला, नाटक सुटलं की तुम्ही दोघं एकाच टोपातला भात खायचात. तुझ्या मरण्याने कुणाची पुळण गेली नाही. हरणं इतकं गोड असतं हे तू पोरीला कशाला शिकवलंस? हरायचं असेल तर रडत हरावं, ओरडत हरावं, समोरच्याचं वाक्य तोडून, नरडं धरून हरावं. निदान चार माणसांना कळतं की आपलं काही गेलं. तू आम्हाला शोभेने मरायला शिकवलंस, आणि अशी माणसं त्या लोकांना फार आवडतात. म्हणून तर ते म्हणतात, बोला, आपल्याला वेळ आहे. मला एक गोष्ट शिकवायची राहिली तुझी, बाबा. गप्प कधी बसायचं ते.

सकाळच्या गाडीने जाणार आहे. मावशीसमोर बसावं लागेलच, आणि तिला सांगावं लागेल की होड्या कुठे ओढायच्या ते मला ठाऊक नाही. हे कुणी वाचणार असतं तर इथेच थांबले असते. कुणी वाचणार नाही, म्हणून सांगते. भाषण संपवून मी खाली बसले तेव्हा दोन्हीकडची बाकं वाजली. त्यांचीही. ती चित्रफीत माझ्याही मोबाईलवर आहे, आणि विधेयक मंजूर झाल्यापासून मी ती रोज बघते. चूक शोधायला नाही. बाकं वाजतात तिथपर्यंत बघते आणि बंद करते.