कढीपत्त्याला सलाईन

माळेगाव, ६ मे १९९६

आई पुन्हा दवाखान्यात भरती व्हायला तयार नव्हती. कारण एकच. डालड्याच्या डब्यातल्या कढीपत्त्याला पाणी कोण घालणार? मी दिवसभर कॉलेजात, घराला कुलूप.

म्हणून संध्याकाळी तिचीच सलाईनची रिकामी बाटली धुतली. तांदळाचं धुवण गाळून तिच्यात भरलं आणि काठीला उलटी टांगली. नळीतून डब्यातल्या मातीत थेंब पडू लागले.

आई खाटेवरून बघत होती. "मला लावलं ते पुरलं न्हाय व्हय गं?"

मग स्वतःच उठली. नळीची चकती फिरवून थेंब सावकाश केले.

"एवढं बास. लई जोरात सोडलं की हात ठणकतो."

हात? कढीपत्त्याला?

थेंब अजून पडताहेत. जेवणानंतर आईनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली.